छप्पन्न ठिपके

साखर पेठेतली पत्र्याची खोली,
एप्रिल, दुपारचे अडीच.
टेबलावर दोन पडदे.
उजवा नवा, रुंद.
डावा चौकोनी, जाड पायाचा,
बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावात साडेचारशेला मिळालेला.
कपाळावर अजून त्यांचं स्टिकर: काउंटर चार.

मला मोर काढायचाय
डबल चादरीचा, या काठापासून त्या काठापर्यंत.
एका पडद्यावर मावत नाही तो,
मावला तर पिसांतले धागे मोजता येत नाहीत.
म्हणून डोकं डावीकडे, पिसारा उजवीकडे.

सिस्टिम फुकटातली.
गड्डम शेठ म्हणाले, लायसनचे पैसे देऊ का सुताचे?
पॉलिटेक्निकच्या इरेशनं पेनड्राइव्हवरून घातली
आणि हुबळीला नोकरीला गेला.
फुकटातली, पण उघडी,
मागासारखी.
कुठली दोरी ओढली की कुठला धागा उचलतो
सगळं दिसतं,
दोरी कुठली, एवढंच सांगायला कुणी नाही.

आधी दोन्हीकडे तोच मोर, आरशातल्यासारखा.
तो मोडला तर बाण हरवला.
डाव्या पडद्यातून उजवीकडे नेला की काठाला थटतो,
डावीकडे ढकलला की
उजव्याच्या पार पलीकडून डोकं काढतो,
बाळीवेशीतल्या बोळात शिरलेला माणूस
होटगी रोडला निघावा तसा.

टर्मिनल उघडून लिहिलं:
व्हीजीए हा एचडीएमआयच्या डावीकडे.
एंटर.
दोन्ही पडदे काळे.
मी श्वास धरून.
मग आले, आपापल्या जागी.

आता उंची.
हा एक हजार चोवीस ठिपके, तो एक हजार ऐंशी.
फरक छप्पन्न.
वरून जुळवलं तर छप्पन्नाची भिंत खाली,
खालून जुळवलं तर वर,
अधेमधे धरलं तर अठ्ठावीस इकडे, अठ्ठावीस तिकडे,
आणि मोराच्या मानेला प्रत्येक वेळी पायरी.
तासभर मी नुसते आकडे बदलत राहिले.

अम्मा उंबऱ्यात टॉवेलांचे दोरे कापत होती.
"काय करायलीस कवापासनं? मान मोडलीय की त्याची."
म्हटलं, छप्पन्न उरतायत, कुठं घालू?

ती उठली. गुडघा धरून, हळू.
"रुंद माग यायच्या आधी चादर दोन पट्ट्यांत निघायची.
मी मधून शिवायची, डझनाला दीड रुपया.
दोन पट्ट्या कधी सारख्या नसतात बाई,
एकाचा ठोका जोरात, एकाचा हळू.
काठाला काठ लावत बसलीस तर मोर मेला.
मानेला मान लाव.
उरलेलं शेवात दुमडायचं. कोण बघतंय?"

कापलेल्यातला एक लांब दोरा घेऊन
तिनं दोन्ही पडद्यांवर आडवा ताणला,
एक टोक काउंटर चारवर अंगठ्यानं दाबून.
मी आकडे टाकत गेले.
तीस. अजून.
बेचाळीस. नको, मागं.
सदतीस.
"चालु," अम्मा म्हणाली.

तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
लहानपणी ताटावर हात धरून ती चालु म्हणायची
आणि मराठी शाळेतून आलेली मी
वाढतच राहायची,
चालू आहे म्हणून.

सदतीस फाइलीत लिहून ठेवला,
सुरू होताना आधी हे वाच, असं सांगितलं मशीनला.
कारण त्याला काही आठवत नाही,
आणि साडेतीनला लाइट जातेच.

गेली.
अंधारात दोरा तसाच, घामानं काचेला चिकटलेला.

पाचला परत आली.
बाण डोळ्यापासून निघाला, मानेवरून उतरला,
पिसाऱ्यात गेला.
शिवण कुठं लागली कळलं नाही.
वर सदतीसची भिंत आहे अजून, खाली एकोणीसची.
तिथं मी काही ठेवत नाही.