डावी पट्टी

थायरॉइडची गाठ काढली
तेव्हा आवाजही त्याच ट्रेमध्ये राहून गेला असावा.
पुढचे चार महिने पेठ रोडच्या यार्डात
कोथिंबिरीचा लिलाव पुंजारामने पुकारला
आणि मी बाजूला उभा, बोटांनी भाव दाखवत.
पाणी प्यालो की ठसका.
फोनवर हॅलो म्हटलं की समोरचा ठेवून द्यायचा,
नुसता वारा येतोय, म्हणे.

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात
गायधनी बाईंनी पडद्यावर दाखवलं:
दोन पांढुरक्या पट्ट्या, दाराच्या फळ्यांसारख्या.
उजवी येते, मागे जाते.
डावी नुसती उभी, रुसलेल्या भावकीसारखी.
"मधली फट दिसतेय ना?
तुमचा सगळा श्वास इथून वाया जातोय."

बत्तीस वर्षं ओरडलो,
आणि माझं दुकान हे एवढंच होतं,
करंगळीच्या पेराएवढं.

भूल नाही, म्हणाल्या, तुम्ही बोलायला हवेत.
नाकातून दुर्बीण, घशात कडू फवारा,
जीभ कुणा दुसऱ्याची.
मग गळ्याच्या खाचेतून सुई, टोकाशी जरा बाक दिलेली,
हळूच पट्टीच्या पोटात.
"गिळू नका. ई म्हणा."
हवा.
थेंबाथेंबाने जेल. डावी फुगत गेली,
ओल धरलेली फळी चौकटीला टेकावी तशी.
"ई."
हवा, आणि हवेत एक खरखर.
"अजून चिमूटभर," त्या सिरिंजला म्हणाल्या की मला.
"आता आकडे मोजा."

एक दोन तीन कोण मोजतो?
मी म्हणालो, नऊशे शेकडा.
साडेनऊशे. हजार! हजार एक वार, हजार दोन वार –
नर्स हसायला लागली. मला थांबवेना.
अकराशेवर बाई म्हणाल्या, बास,
माल तुमचाच.

हे जेल चार-सहा महिन्यांत विरतं.
तोवर नस जागी झाली तर झाली,
नाहीतर पुन्हा या.
म्हणजे आवाज उचलीवर.
उचल म्हणजे काय
ते यार्डातल्या माणसाला समजवावं लागत नाही.

दोन दिवस गप्प राहायचं होतं, राहिलो.
तिसऱ्या दिवशी पुंजारामला फोन लावला.
"कोण बोलतंय?"
आवाज थोडा वर चढलाय, बारीक झालाय.
नाव सांगावं की नाही, कळेना.
म्हटलं, मेथी कितीला गेली?
त्याने सांगितला भाव,
नव्या गिऱ्हाइकाला सांगतात तो.