आवक वही

आमचं इतिहास मंडळ म्हणजे
इनास सोजच्या बंद स्टुडिओवरची एक खोली.
खानापुरात विचारलंत तर शिंप्याकडं पाठवतील,
किल्ली त्याच्याकडं असते.
भाडं तीन महिन्यांचं थकलेलं.
आवक वही माझ्याकडं,
अकरा जणांत माझंच अक्षर लागतं म्हणून.

क्रमांक १ : कौल.
बंद पडलेल्या कारखान्याचं, पाठीवर हत्तीचा छाप.
क्रमांक २ ते २६ : कौलंच.
बिर्जेमामा तिथं फोरमन होते.
कौल कानाशी धरून टिचकी मारतात,
"हे पावसाळ्यातल्या मातीचं" म्हणतात,
मी शेऱ्याच्या रकान्यात तसंच लिहिते.

लोक वर येतात ते इतिहासासाठी नव्हे.
कापडदुकानाच्या पिशवीतून मोडीचा कागद निघतो,
"ह्यात आमची चार एकरं हाईत काय बगा की."
मोडी येतं फक्त मक्तूमसाबना,
आजा त्यांचा इनामदाराकडं कारकून.
ओळीखालून बोट सरकवत ते वाचतात
आणि बहुतेकदा निघते
कुणाच्यातरी लग्नातल्या तुपाची उधारी.
माणूस कागद टेबलावरच टाकून जिना उतरतो.
२७ ते ४० असे आले.

एक्केचाळिसावा दगड.
मलप्रभेकडच्या गल्लीत, रुक्मव्वाच्या परसात.
तिच्या सासूनं ह्याच्यावर धुतलं, सासूच्या सासूनं धुतलं,
बाळंतिणीची लुगडी, मयताच्या चादरी,
आणि गटाराच्या कामात तो पालथा झाला
तेव्हा पोटाला अक्षरं निघाली.

शाळा सुटल्यावर होसूर सर आले.
खडू नको म्हणाले, ओरखडे पडतात.
मूठभर जोंधळ्याचं पीठ मागून घेतलं
आणि चोळलं, अंगाला लावतात तसं, हलक्या हातानं.
हळेगन्नड.
सर पुटपुटले, अडले, मागं येऊन पुन्हा वाचू लागले.
एका बाईनं देवळातल्या दिव्यासाठी
दर घाण्यामागं पळीभर तेल लावून दिलंय.
बाईचं नाव जिथं असायचं तिथंच कपचा उडालाय.
नाव गेलंय. तेल राहिलंय.

बिर्जेमामा गप्प.
त्यांच्या मनात काही दुसरं होतं,
एखादा घोडा, तलवार,
निदान एक ओळ आपल्या वाचण्यातली.
सर हातावरचं पीठ झटकत राहिले, बराच वेळ.
मग मामा वाकले,
दगडाला टिचकी मारून कान लावला.
"पक्का भाजलाय," म्हणाले.

ठराव झाला : दगड मंडळात आणावा.
टेम्पो सहाशे रुपये.
रुक्मव्वा पदर खोचून दारात,
"न्या की. आदी दुसरा आणून टाका, असलाच."
टाकला. फरशीवाल्याकडचा, ग्रॅनाइटचा, चकचकीत.
तिसऱ्या दिवशी तिचा नातू जिन्यात उभा :
"आजी म्हणत्यात, कापडं घसरत्यात."

मग मंडळच खाली गेलं.
पहारी लावून चौघांनी
जुना दगड जागेवर बसवला,
चार कोपऱ्यांना विटा देऊन,
अक्षरं खाली, जमिनीपासून दोन हात वर.
ज्याला बघायची त्यानं वाकायचं.
ठसा तेवढा आम्ही आणला.
तो आता भिंतीला आहे,
उजव्या कोपऱ्यात पिठातला एक किडा चिकटलेला.

खात्याचं पत्र आलं, तपशील कळवा.
होसूर सरांनी कन्नडमध्ये कळवला.
वहीत मी लिहिलं :

क्रमांक ४१. दगड, लेख असलेला.
देणार : अज्ञात स्त्री.
ताबा : रुक्मव्वा तळवार.
स्थिती : रोज ओला.

सही करताना बिर्जेमामांनी
'अज्ञात'खाली पेन्सिलीनं रेघ ओढली.
का, ते मी विचारलं नाही.