बियांचा आवाज

सात वर्षं मिरची जिभेला नाही,
आणि बसतो मी संकेश्वरात, मिरचीच्याच आडतीवर.
पूर्वी देठापाशी चावून भाव सांगायचो.
आता कानाशी हलवतो:
बिया खुळखुळल्या तर वाळलीय,
गप्प राहिली तर आत ओल.
मल्लव्वा पोतं शिवता शिवता हसते,
"सावकार, काय म्हणतीया?"

तेव्हा बेळगावचा रस्ता
मला संडासांवरून पाठ होता.
हत्तरगी, यमकनमर्डी, काकती.
डिकीत जादा पँट, जुन्या वर्तमानपत्रात.
घरी रक्त दिसलं की नळ सोडून बसायचो,
बाहेर फक्त पाणी ऐकू जावं म्हणून.

मग शेवंतानं वही घातली.
मऊ भात, दुधी, सोललेलं पडवळ, पिकलं केळं.
"ताक: चाललं."
"मेथी: रात्रभर जागे."
"भेंडी: पुन्हा विचारू नका."
भाकरी चौथ्या वर्षी परत आली,
तीही चतकोर, दुधात कुस्करून.
त्या दिवशी वहीत तिनं काही लिहिलं नाही,
नुसती रेघ ओढली, जरा वाकडी.
सकाळच्या दोन गोळ्या अजून आहेतच.

गोकाकला भाचीच्या लग्नात
वाढप्याला मी कानडीत सांगितलं, "बेडा."
मराठीत नको म्हटलं की आग्रह करतात.

परवा वही उघडली,
अकरा दिवस कोरे.
"अगं?"
"विसरलेच की," म्हणाली,
आणि विळीवर दुधी घेतला.