सातवं दार

पाद्री मेस्रोपनी प्रार्थना म्हटलेलं मीठ
आईनं तळहातावर धरलं.
कोकरानं ते चाटलं,
मग तिची बोटंसुद्धा.

चर्चभोवती तीन फेऱ्या, दोरी माझ्या हातात.
पोरगा सीमेवरून परतला तर एक जीव देईन,
असं ती बोलली होती.
मी परतलो. एका कानानं बहिरा, बाकी अख्खा.

वार्दगेस खाटकानं माझ्या कपाळावर
अंगठ्यानं रक्ताचा क्रूस काढला.
तो वाळताना खाजत राहिला.

"ते एकदाच झालं ना, सगळ्यांसाठी?
मग हे कशाला?"
पाद्री बाही दुमडत म्हणाले, "ते देणं फिटलं.
हे नुसतं जेवण.
नियम एवढाच: सात घरं,
आणि सूर्य बुडाल्यावर तुकडा उरता कामा नये."

जर्दाळूच्या काटक्यांवर मांस शिजलं,
मिठाशिवाय त्यात काही नाही.
सहा घरांनी ताट घेतलं, मला छातीशी धरलं.

सातवं सिरानुशमावशींचं.
नोराइरसाठी त्या बैल बोलल्या होत्या.
बैल अजून गोठ्यात आहे.

अरागात्सवरचं ऊन वर वर सरकत होतं
आणि मी दारात, वाफाळतं ताट घेऊन.
तारण म्हणतात ते हेच का?
कुणी कुणाला ठेवलं होतं,
कुणाचं सुटलं, कुणाचं बुडालं,
कुठल्या वहीत बघायचं?

बहिऱ्या कानाच्या बाजूनं त्या काहीतरी बोलल्या.
मी मान वळवली.

"आत ये," त्या पुन्हा म्हणाल्या,
"ऊन चाललंय.
माझ्या एकटीच्यानं संपायचं नाही हे."