जप्त केलेल्या वस्तू

माराकाइबोच्या शाळेत एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला.
टेबलाच्या डाव्या खणात जप्तीचा माल:
रबरी साप, च्युइंगमची पाकिटं
आणि मुठीत मावणारे ते टुकटुकणारे खेळ.
जूनमध्ये परत मिळतील, मी म्हणायचे,
तेही आईला घेऊन आलात तर.
एक निळा न्यायला कुणी आलंच नाही.
तो मी नेर्विनला दिला. सात वर्षांचा होता.
म्हणजे सुरुवात माझ्याच हातून झाली.
हे मी कुणाजवळ बोलत नाही.

आता तो सत्तावीसचा आहे
आणि खवल्यांचे बैल मारतो,
पहाटे चारपासून, उघड्या अंगानं,
झाकण नसलेल्या कॉम्प्युटरवर.
एका बैलाचं एक कातडं,
सव्वीस कातड्यांचं एक गाठोडं,
गाठोड्याची नाणी,
आणि ती नाणी खऱ्या डॉलरला घेणारा
बर्फ पडणाऱ्या कुठल्याशा गावातला माणूस,
ज्याला बैल मारायचा कंटाळा येतो.
दिवसाकाठी किलोभर मक्याचं पीठ.
बरा दिवस असेल तर चीज.
याचे आजोबा सरोवरातून तेल काढायचे.
हा कशातून काय काढतो
ते मला नकाशावर दाखवता येत नाही.

समोरची आउरिस्तेला विचारायची, पोरगा काय करतो?
खेळत बसतो मेला, मी म्हणायचे.
आता म्हणते, कामावर आहे,
आणि तिला रेडिओ हळू करायला लावते.

खेळांनी पोरं मारकुटी होतात असं वाचलं होतं.
हा इतके बैल मारून
झुरळ चपलेवर घेऊन अंगणात सोडून येतो.
फक्त सगळं मोजतो.
गॅसच्या रांगेत चार तास म्हणजे दोनशे बैल.
माझा ताप, दीड दिवस, म्हणजे किती
ते त्यानं सांगितलं नाही,
पण ओठ हलताना मी पाहिले.

गेल्या मंगळवारी एक सोनेरी घोडेस्वार आला.
नेर्विनला कापलं, गाठोडं उचललं,
खाली दोन शब्द लिहिले.
मी चष्मा आणेपर्यंत ते वर सरकून गेले.
कोण होता रे?
कुणी नाही आई. खेळत होता तो.
आणि उठून पाणी प्यायला.

वर्गात कुणी रडीचा डाव खेळलं
की मी दोघांनाही बाकावर उभं करायचे.
त्या घोडेस्वाराला कोणत्या बाकावर करू?

त्याच रात्री वीज गेली.
गल्लीतली पोरं निघाली, झाडूचा दांडा,
बाटल्यांची बुचं घेऊन, चांदण्यात.
नेर्विन, एक भिडू कमी आहे!
गेला. पहिलं बूच हुकलं, दुसरंही,
तिसरं कुणाच्या तरी पत्र्यावर टण्णकन.
कुणीतरी हसलं. तोच असावा.
पण लगेच परत आला, पायरीवर बसला,
म्हणाला, मला आता असं जमत नाही, नुसतं.

मग तिथेच, लादीवर, झोपला.
उजव्या हाताचं बोट मात्र चालूच होतं,
लादीवर टिक, टिक,
थांबून, पुन्हा टिक.
मी त्याखाली तळवा ठेवला.
एकतीस वर्षांत इतकं हलकं कुणी मला बोलावलं नव्हतं.
तळव्यावर किती बैल पडले,
मी मोजले नाहीत.

साडेतीनला फ्रिज थरथरला. पंखा फिरला.
पडद्यावर निळा उजेड आला.
सकाळी पुन्हा जाईल वीज, सगळ्यांना माहीत आहे.
त्याचं बोट अजून माझ्या हातात.
थोडा वेळ मी तशीच बसून राहिले,
कमी पडणाऱ्या पिठाइतका वेळ.
मग जप्त केलेली वस्तू परत करावी
तसा त्याचा हात त्याच्याकडे ठेवला
आणि म्हटलं,
ऊठ बाळा, लाइट आली.
खेळ.