फडकं उभं धरून

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळेचा कागद आला,
गुलाबी, दोन्ही बाजूंनी छापलेला.
कारखान्यातल्या दुभाष्याला दाखवला जेवणाच्या सुट्टीत.
तो वाचत गेला: वर्गात घालायचे वेगळे बूट,
भूकंपात डोक्यावर घ्यायची गादीची टोपी,
आणि जुन्या टॉवेलची दोन फडकी,
घरी शिवलेली.
फडकी कशाला?
पुसायला. वर्ग पोरंच पुसतात इथे.
मी म्हटलं, परत वाच.

लोंद्रिनाच्या शाळेत वर्ग माझी आई पुसायची.
सत्तावीस वर्षं.
मी त्याच शाळेत, सकाळच्या पाळीला.
बाईंना आम्ही मावशी म्हणायचो,
गळ्यात पडायचो, गालाचा मुका घ्यायचो.
आईला कुणी काहीच म्हणायचं नाही.
नुसतं, अहो, इकडे सांडलंय.
कधी कधी मुद्दाम सांडायचे,
माझ्याकडे बघत.

तिसरीत मी नापास झाले.
तोच बाक, तीच खिडकी,
आजूबाजूला वीतभर बुटकी पोरं.
त्या वर्षी आई माझ्या बाकाखाली
जरा जास्तच वेळ पुसत राहायची.

फडकी मी शिवली. पांढरा टॉवेल घरात नव्हता,
समुद्रावर न्यायचा पिवळा होता, त्यावर टूकन पक्षी.
चोच एका फडक्यात गेली, शेपूट दुसऱ्यात.
काइके म्हणाला, सगळ्यांची पांढरी आहेत.
पण नेली.

मे महिन्यात मिझोगुची बाई घरी आल्या.
दारात बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवले.
मी कॉफी केली होती, मक्याचा केक केला होता.
हात लावला नाही. नियम आहे म्हणे.
आमच्या दाल्वामावशीने डबा भरून नेला असता
आणि वर रेसिपीत चूक काढली असती.
शेजारची इरासेमा दुभाषी म्हणून बसली होती, तिनेच खाल्ला.

मी विचारलं, काइके पास होईल ना?
इरासेमाने तीनदा वेगवेगळं करून विचारलं.
बाई विचारात पडल्या. पास म्हणजे?
पुढच्या एप्रिलला सगळे चौथीत जातात.
वाचता आलं नाही तरी?
सगळे.

मला हसू यायला हवं होतं.
ह्याला ढकलपास म्हणावं, तर ढकलणारंही कुणी नाही.
आमच्या कारखान्यातल्या पट्ट्यासारखं, भाग पुढे, पुढे.
पण पट्ट्यावर तरी खराब भागाला लाल चिकटपट्टी लागते,
कुणीतरी तो उचलून उजेडात धरतं.
हे त्यांना कसं सांगणार, आणि कुठल्या भाषेत.
बाई दहा मिनिटांनी उठल्या, घड्याळ न बघता.
दारात वाकून म्हणाल्या, फडकं चांगलं पिळतो तो.
इरासेमाने भाषांतर केलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवारी आईला फोन लावला.
तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे माझं काम करतो की.
पगार देतात का त्याला?
काइकेने फोन माझ्या हातून घेतला,
मोरीतून टूकनची चोच घेऊन आला, ओली.
आजी, असं नाही. आडवं नाही धरायचं.
उभं. एक हात वर, एक खाली, छत्री धरतात तसं.
आता कोपरं आत.
मोडकं पोर्तुगीज, मधेच जपानी,
पण हात स्पष्ट बोलत होते.

तिकडे तिच्या ओट्यावर दिवा लागला होता.
तिने भांड्याचं फडकं घेतलं, उभं धरलं, पिळलं.
धार लागली, थांबेना.
आई बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत राहिली,
जे पावसाळी हवेत अजून ठणकतं.
सत्तावीस वर्षं, ती म्हणाली,
आणि एकानेही सांगितलं नाही.

परत कर, काइके म्हणाला.
तिने परत केलं.