सही जुळत नाही

चर्चच्या तळघरात पहाटे पाचला दिवे लागतात.
बाहेर उणे एकतीस,
आत बटाट्याची वाफ, परतलेला कांदा,
आणि लांब टेबलाशी बायका
पिरोहीला मुरड घालतायत.
डझनाला चौदा डॉलर.
दारावर दार्का पालिचुकनं खडूनं लिहिलंय:
कंपवाताच्या संशोधनासाठी.

ओरेस्त भिंतीशी, खुर्चीत.
उजवा हात मांडीखाली दाबलेला,
चुळबुळ्या पोराला दामटून बसवावं तसा.
याच हातानं त्यानं पंचक्रोशीतल्या धान्यकोठारांवर
गावांची नावं रंगवली,
पुरुषभर उंचीची अक्षरं,
मालगाडीच्या ड्रायव्हरला मैलावरून वाचता यावीत अशी.

सॅस्काटूनहून लॅबमधली इनेस आली होती.
एवढ्या पैशांत काय होईल, कुणीतरी विचारलं.
पेशी गोठवायच्या फ्रीजचा सात महिन्यांचा खर्च, ती म्हणाली.
आणि औषध?
कदाचित नाही.
कदाचित एवढंच कळेल, की हा रस्ता पुढं बंद आहे.

थोडं खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं,
असं मला वाटून गेलं.
झारे थांबले होते.
ओरेस्त म्हणाला, आवाज इतका हळू
की दार्कानं तो पुन्हा सगळ्यांना सांगितला:
‘मग तिथं पाटी लावा.
मागून येणाऱ्याचं पेट्रोल वाचेल.’

मी गावच्या पतपेढीत काउंटरवर असते.
सोमवारी त्याचा चेक माझ्यापुढं.
सही मुंगीएवढी,
शेवटाकडं बारीक होत कागदातच विरलेली.
कार्डावरचा नमुना एक्क्याऐंशी सालचा:
‘ओ’ एवढा ऐसपैस की चौकटीबाहेर गेलेला.
या माणसाला मी जन्मापासून ओळखते.
शिक्का मारला. सही जुळत नाही.
परत.

दुसऱ्या दिवशी तो आला.
उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळले.
मागं रांग. कुणी हूं की चूं नाही.
दार्कानं स्वतःचा बूट त्याच्या बुटापुढं आडवा धरला,
तो ओलांडून तो आत आला,
जसं काही तेवढाच ओढा मध्ये होता.

नव्या कार्डावर सही केली. बराच वेळ लागला.
मी खिडकीबाहेर बघत राहिले,
कोठारावरच्या फिकट अक्षरांकडं.
‘बघ जमतंय का,’ म्हणाला.
‘आणि तारीख पेन्सिलीनं टाक.
पुढच्या वर्षी भिंग लागेल तुला.’

बुधवारी चेक वटला.
सहा हजार चारशे बारा.
कुठंतरी एक फ्रीज
ऑगस्टपर्यंत घुमत राहील.

या गुरुवारी मीही तळघरात गेले.
माझी मुरड सुटते,
सारण उकळत्या पाण्यात सांडतं.
दार्का काही बोलली नाही.
दुसरी पारी हातावर ठेवली.